गेनूनानांनी घेतलेली मीटरची परीक्षा

कंदील सरळ, पिवळा, स्वच्छ जळत होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर माझ्या हातातलं मीटर किंचाळत होतं. आकडा होता दोनशे ऐंशी.

“ते बंद करा, भाऊ,” गेनूनाना म्हणाले. “कंदील जळतोय न्हवं? मंग हवा चांगली हाय. चला रं!”

आणि अकरा माणसं फावडी-पहारी घेऊन मला ओलांडून पुढं गेली. अर्ध्या तासापूर्वी तिथं ब्लास्ट झाला होता. फोडलेल्या दगडाचा ढीग अजून गरम होता. मी “थांबा” म्हणून ओरडलो. कोणी थांबलं नाही. सायमन नावाचा ड्रिलर तेवढा जाता जाता म्हणाला, “गॅसवाले, डबीला भूक लागलीय तुमच्या. दूध पाजा तिला.” सगळे हसले.

दुपारी तोच सायमन लोडरच्या चाकाला टेकून ओकत होता.

“उपाशीपोटी आला असंल,” नाना म्हणाले.

उपाशी नव्हता. सकाळी टपरीवर माझ्या शेजारी बसून त्यानं दोन प्लेट मिसळ खाल्ली होती.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. पारनेर तालुक्यातल्या एका डोंगरातून कालव्यासाठी बोगदा खणणं चालू होतं. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. आम्ही गॅस मोजायची उपकरणं दुरुस्त करतो आणि त्यांचं कॅलिब्रेशन करतो. म्हणजे ज्या सिलिंडरमध्ये किती गॅस आहे हे आधीच पक्कं माहीत असतं, तो मीटरला द्यायचा आणि मीटर तेवढाच आकडा दाखवतं का ते बघायचं. आयातीचं नवं धोरण आल्यापासून परदेशी मीटरं मिळायला लागली. बोगद्याच्या कंत्राटदारानं एक मागवलं आणि ते घेऊन आठ दिवसांसाठी मला पाठवलं. मीटर द्यायचं, माणसांना शिकवायचं, परत यायचं.

दुसरी गोष्टही आधीच सांगतो. नोकरीनंतर मी कामगारांच्या सुरक्षेची पत्रकं लिहितो. लिहितो, सायक्लोस्टाईल करतो, स्वतः चिकटवतो. त्यातल्याच एका पत्रकानं इथं घोळ केला, म्हणून सांगितलं.

आधी गॅसचं बघू. कोळशाच्या खाणीत पेट घेणारा वायू असतो. आपल्याकडच्या काळ्या खडकात तो नसतो. त्यामुळे नगर जिल्ह्यात बोगदा खणणारे बिनघोर असतात. पण सुरुंगातलं जिलेटिन फुटलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. डिझेलवर चालणाऱ्या लोडरच्या धुरातही तोच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावून बसतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग झोप येते. त्या झोपेतून माणूस उठेलच असं नाही. शिवाय तो दगडाच्या ढिगात अडकून राहतो आणि ढीग उपसायला लागलं की बाहेर पडतो, नेमका फावडं मारणाऱ्याच्या तोंडावर.

मीटर साबणाच्या वडीएवढं होतं. आत एक छोटा सेल असतो. गॅस लागला की त्यात किंचित वीज तयार होते, ती मोजून आकडा दिसतो. हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग, तो हा आकडा. पन्नासला शिट्टी, दोनशेला किंचाळी.

आता माणसं. गेनूनानांची टोळी पाथर्डी तालुक्यातली, तिसगावच्या आसपासची. सगळे विहिरी खोदणारे. नाना पंचावन्नच्या पुढचे, खांदे रुंद, आवाज घोगरा. विहिरीवरचा त्यांचा नियम असा : सुरुंग उडवायचा, एक बिडी संपेपर्यंत बसायचं, मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. ज्योत तेवली तर उतरायचं. विझली तर निंबाचा डहाळा बांधून खाली-वर हलवायचा, हवा खेळवायची, पुन्हा कंदील सोडायचा. विहिरीला वर आभाळ असतं. धूर निघून जातो. तिथं हा नियम बराचसा चालून जातो. पण तोच नियम त्यांनी जसाच्या तसा बोगद्यात आणला होता, तोंडापासून जवळजवळ एक किलोमीटर आत. आणि कंपनीतल्या एकाही शिकलेल्या माणसानं त्यांना हटकलं नव्हतं. याचा मला आजही राग आहे.

मी साइट इंजिनियर कुलथे साहेबांकडे गेलो.

“साहेब, दोनशे ऐंशी आहे. माणसं आत आहेत.”

“डोकी दुखतात त्यांची, मला माहीत आहे. गोळी देतो आपण.”

“गोळी कशाला? हवा द्या, ब्लास्टनंतर तासभर थांबा. तुमचा डक्ट साठ-सत्तर फूट मागंच संपतोय.” डक्ट म्हणजे बाहेरच्या पंख्याची ताजी हवा आत नेणारा मोठा कापडी पाइप.

“पुढं नेला तर ब्लास्टमध्ये फाटतो. आणि साळवे, तू म्हणतोस तसं तास-तास थांबलो तर दिवसात दोन ब्लास्ट होणार कसे? मीटर आलं ना साइटवर? इन्स्पेक्शनला दाखवता येईल. तू ट्रेनिंग दे, सह्या घे आणि जा.”

मी ट्रेनिंग दिलं नाही. पारनेरला जाऊन पत्रक काढलं. मथळा होता, ‘कंदिलावर चाललेला बोगदा’. त्यात एक वाक्य होतं : ‘अडाणी मुकादमाच्या कंदिलाच्या भरवशावर बारा जीव रोज मरणाच्या तोंडात ढकलले जात आहेत.’ लिहिताना मला ते फार जोरदार वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर, मेसच्या दारावर आणि कुलथे साहेबांच्या ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलं.

नऊ वाजता साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, घाबरले. ते चहा पीत होते.

“बस. पत्रक वाचलं. झकास आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे माझं काम झालं. टोळी येऊन गेली आत्ताच. तो गॅसवाला साइटवर नको म्हणतात. मीटरला हात लावणार नाहीत. आता मी काय करू, तूच सांग.”

मी टोळीच्या शेडकडे गेलो. सगळे बाहेर बसले होते. पत्रक नानांच्या मांडीवर होतं.

“आलं वकीलसाहेब,” सायमन म्हणाला. त्याचा चेहरा अजून पिवळाच होता.

“सायमन धावी पास हाय,” नाना म्हणाले. “त्यानं वाचून दावलं. म्या अडाणी, ते कबूल. शाळेत गेल्तो दोन वर्सं, तीबी मास्तरच्या म्हशी राखायला. पर दीडशे विहिरी खांदल्या, भाऊ. माझ्या हाताखाली एकबी मानूस विहिरीत मेला न्हाई. ते लिवलंय का ह्या कागदात?”

लिहिलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. तीन दिवस मी यांच्यासाठी भांडत होतो, आणि यांच्याशी धड बोललो नव्हतो.

“शब्द चुकला नाना. माफी मागतो. सगळ्यांच्या देखत मागतो. पण दोनशे ऐंशी चुकलेलं नाही.”

“मंग कंदील खोटं बोलतोय व्हय?”

“खोटं नाही बोलत. त्याला स्वतःला जळायला हवा पुरते का, तेवढंच तो सांगतो. विहिरीत हवा कोंडली की ती पुरत नाही, म्हणून विझतो. इथं हवा आहे, पण हवेत विष आहे. ते विष कंदिलाला बाधत नाही. तुम्हाला बाधतं.”

नानांनी पत्रकाची घडी केली. मग म्हणाले, “आन् तुमची डबी खरं बोलती, हे कशावरनं?”

माझ्या नोकरीत मला इतका बरोबर प्रश्न कोणी विचारला नव्हता. मोठमोठ्या कंपन्यांचे मॅनेजर विचारत नाहीत. ते मीटरच्या डब्यावर कुठल्या देशाचं नाव आहे ते बघतात.

मी लगेच प्रयोग करून दाखवला. मोकळ्या गोदामात कोळशाची पेटती शेगडी ठेवली, शेजारी जळता कंदील, खिळ्याला मीटर. दार लावून सगळ्यांना खिडकीच्या काचेतून बघायला लावलं. कोंडलेला कोळसा धुमसला की हाच गॅस सोडतो. दहा-पंधरा मिनिटांत मीटर किंचाळलं. कंदील मजेत जळत होता.

मला वाटलं, झालं. नानांनी मान हलवली.

“डबी तुमची, कोळसा तुमचा, बोलनंबी तुमचंच. बाजारात जादूवाला आसंच करतो. उद्या सुट्टी हाय. उद्या म्या करतो. तुमी लांब बसायचं.”

“आणि?”

“दोन गोदामं. दोन्हीत कंदील. शेगडी कुठं ठिवली ते तुमी डबीवरनं सांगायचं. तीन डाव. एकबी चुकला, तर डबी घिऊन सुप्याला जावा. सोमवारपास्नं आमचा कंदील चालू.”

“आणि नाही चुकलो तर?”

“तर डबी म्हनंल तसं.”

अकरा माणसं ऐकत होती. शब्द गेला होता.

रविवारी सकाळी मी मीटर सिलिंडरवर तपासून घेतलं. बरोबर होतं. तरी पुन्हा एकदा तपासलं. मीटर मी रोज हाताळतो, पण एवढ्या माणसांचा निर्णय त्याच्यावर लटकलेला मी कधी बघितला नव्हता.

नानांनी तयारी चोख केली होती. दोन्ही गोदामांच्या खिडक्यांवर गोणपाट ठोकलं होतं. धूर बघून किंवा वास घेऊन मी ओळखू नये, म्हणून मला पन्नास पावलांवर बाभळीखाली, गोदामांकडे पाठ करून बसवलं. राखणीला सायमन. तो चर्चमधून थेट आला होता, पांढऱ्या शर्टात.

“मागं बघितलं तर बाद,” तो म्हणाला. “मी आत्ताच प्रार्थना करून आलोय, खोटं बोलायला लावू नका.”

“कोणासाठी केली प्रार्थना? कंदिलासाठी की डबीसाठी?”

“माझ्या डोक्यासाठी. परवापासून ठणकतंय.”

नाना मीटर बांबूच्या टोकाला बांधून एका गोदामात सरकवत, दहा मिनिटांनी काढत, माझ्याकडे पाठवत. सर्वांत मोठा आकडा धरून ठेवायची सोय त्या मीटरमध्ये आहे. मी तो वाचायचो, पुसायचो, मग दुसरं गोदाम.

पहिला डाव. सिमेंटचं गोदाम, तीनशे दहा. पाइपचं गोदाम, चार. चार हा कंदिलाच्या स्वतःच्या धुराचा.

“शेगडी सिमेंटच्या गोदामात.”

“व्हय,” नानांचा आवाज आला.

दारं उघडून तासभर हवा खेळू दिली. दुसरा डाव. सिमेंटमध्ये पाच, पाइपमध्ये दोनशे साठ.

“पाइपच्या गोदामात.”

“व्हय.”

मागं कुजबुज वाढली. पुन्हा तासभर दारं उघडी. तिसरा डाव. सिमेंटमध्ये चार. मी हसलो, उत्तर मिळालंच होतं. मग पाइपच्या गोदामातून मीटर आलं. तीन.

मी ते झटकलं. बटण पुन्हा दाबलं. तीनच. बॅटरी बघितली, भरलेली होती. जास्त गॅस खाल्ला की हा सेल कधीकधी दमतो, आकडा कमी दाखवतो. दमला असेल? सिलिंडर लावून दोन मिनिटांत कळलं असतं, पण तो ऑफिसात होता आणि मला उठायची परवानगी नव्हती.

“बोला की,” सायमन म्हणाला. “सिमेंट का पाइप?”

डोक्यात हिशेब चालू झाला. एकदा इकडं, एकदा तिकडं, म्हणजे आता पुन्हा सिमेंट. शिवाय सिमेंटमध्ये चार आहे, पाइपमध्ये तीन. एकानं का होईना, जास्तच. सिमेंट म्हणून टाकावं. जिभेवर आलं होतं. पण मग मी आणि कुलथे साहेब यात फरक काय? मीटर सांगतंय ते सोडून सोयीचं बोलायचं, हेच तर ते करत होते.

“दोन्हीकडं नाही,” मी म्हणालो.

सायमननं ते मागं ओरडून सांगितलं.

“मंग शेगडी कुठं गेली?” नाना.

“मला माहीत नाही. या दोन गोदामांत नाही.”

“इकडं बघा आता.”

मी वळलो. मेसच्या ओट्यावर आचारी शेगडीपुढं बसला होता आणि तिच्यावर वांगी भाजत होता. डझनभर तरी असतील. टोळी हसून लोळायची बाकी होती. सायमन तर माझ्या पाठीवर थापा मारत होता आणि प्रत्येक थापेला स्वतःचं डोकं धरत होता.

नाना मीटर हातात घेऊन आले. “साहेबाला बसवलं आस्तं हितं, तर त्यानं कुठंतरी बोट दावलंच आस्तं. ह्या डबीला न्हाई म्हनता येतं. चला, भरीत खाऊ.”

त्या दिवशी मी चार भाकरी खाल्ल्या. मधल्या वेळात पत्रकातला ‘अडाणी’ हा शब्द सायमननं कोळशानं खोडला आणि वर ‘दीडशे विहिरी’ असं लिहिलं. आता मी पत्रक चिकटवण्याआधी ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला वाचून दाखवतो. वेळ जातो. पत्रक बरं होतं.

सोमवारी ब्लास्टनंतर नाना मीटर गळ्यात अडकवून पुढं, टोळी मागं. आकडे त्यांना येत होते. जिलेटिनच्या खोक्यांवरून शिकले होते. डक्टच्या तोंडापाशी तीस. टोळी तिथं थांबली. नाना मीटर पुढं धरून एक-एक परस सरकले. परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढी लांबी. विहिरीची खोली त्यात मोजतात. प्रत्येक परसाला त्यांनी भिंतीवर खडूनं आकडा लिहिला. साठ, नव्वद, एकशेतीस. तिथून ते माघारी फिरले. स्वतः फिरले, मी सांगायच्या आत.

मग कुलथे साहेबांना हात धरून आणलं आणि भिंत दाखवली.

“पाइप जिथं सरतो, तिथनं इख सुरू हुतंय, साहेब.”

“अहो, पण पुढं नेला की फाटतो ना!”

“ब्लास्टच्या आदी मागं वडायचा, मागनं पुढं सरकवायचा. कापडाचा त्यो, डोंगर न्हवं.”

टोळीनं डक्टच्या तोंडाला जोडायला साइटवर पडलेल्या ताडपत्रीची बाही शिवली, तारेवर कड्यांनी अडकवली, पडद्यासारखी मागं-पुढं सरकणारी. बुधवारी ती लागली. ब्लास्टनंतर पंचवीस-तीस मिनिटांत आकडा पन्नासच्या खाली यायला लागला. दिवसातले दोन ब्लास्ट दोनच राहिले. म्हणजे जो वेळ वाचवायला वर्षभर माणसांना गॅस पाजला, तो वाचवायची गरजच नव्हती. एक ताडपत्री आणि अर्ध्या दिवसाची शिलाई एवढंच कमी होतं. हे मी कुलथे साहेबांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, “झालं ना आता?” झालं होतं खरं. सायमनचं डोकंही थांबलं होतं.

शेवटचा वाद मीटर कुठं राहणार याचा. साहेबांचं म्हणणं, महागाची वस्तू, ऑफिसच्या कपाटात राहील, लागेल तेव्हा सही करून न्यावी. माझं म्हणणं, नानांकडं. ठरेना. ते माझ्या शेवटच्या दिवशी आपोआप ठरलं.

त्या दिवशी पाटबंधारे खात्याचे मोठे साहेब पाहणीला आले. दोन जीप, चार माणसं, एक फोटोग्राफर. ब्लास्ट नुकताच झाला होता आणि त्यांना थेट पुढं जाऊन फोटो हवा होता. कुलथे साहेब वाट दाखवत निघाले. डक्टपाशी नाना हात आडवे करून उभे.

“थांबा साहेब. अजून सत्तर हाय.”

“हे कोण?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“मुकादम आहेत,” कुलथे म्हणाले. “नाना, बाजूला व्हा. साहेबांना वेळ नाही.”

“येळ आमालाबी न्हाई. सत्तर हाय.”

“सत्तर काय?” मोठे साहेब.

“ते आत गेल्यावर कळत न्हाई साहेब. म्हणून तर हितं थांबायचं.”

मोठ्या साहेबांनी मीटरकडे बघितलं, नानांकडे बघितलं, आणि एका रिकाम्या खोक्यावर बसले. कुलथे उभेच राहिले. पंधरा मिनिटं गेली. मग नानांनी मीटर पुढं धरून बघितलं. सेहेचाळीस.

“चला आता. डोकं संबाळा, वरनं पानी गळतंय.”

परत जाताना मोठ्या साहेबांनी मीटरचं नाव विचारलं नाही, मुकादमाचं विचारलं. त्यानंतर कपाटाचा विषय कोणी काढला नाही.

सुप्याला आल्यावर मी सर्व्हिस रिपोर्ट भरला. मीटर व्यवस्थित, सेल व्यवस्थित, ट्रेनिंग पूर्ण. खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘उपकरण ढिगाजवळ काम करणाऱ्याच्या ताब्यात असावे. साहेबांकडे देऊ नये, त्यांना घाई असते.’

आमच्या मालकांनी दुसरं वाक्य खोडून रिपोर्ट पाठवला. पहिलं मात्र राहू दिलं.